गाडीवरच्या वायरलेस अँटेनाची जुळणी

गाडीवरच्या अँटेनाचे अर्धे अंग म्हणजे गाडीचा पत्रा. वर उभी दांडी डोळ्यांत भरते म्हणून तिलाच अँटेना म्हणण्याची पद्धत आहे; पण पाव तरंगलांबीची दांडी एकटी काम करू शकत नाही. तिच्यात जेवढा प्रवाह चढतो तेवढाच प्रवाह केबलच्या बाहेरच्या जाळीवाटे टपाच्या पत्र्यावर पसरावा लागतो. तो पसरायला जागा मिळाली नाही, तर दांडी कितीही मापात कापली तरी लांबचा आवाज खरखरीतच ऐकू येतो. म्हणून जुळणी करताना आधी जागा, मग केबल आणि जोडण्या, त्यानंतर दांडीची लांबी आणि शेवटी गाडीतला विद्युत गोंगाट, हा क्रम पाळावा. बहुतेक जण थेट तिसऱ्या पायरीवर येतात आणि तिथेच अडकतात.

इथे भारतातल्या हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या २ मीटर पट्ट्याचे उदाहरण घेतले आहे. हा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा आहे. रुग्णवाहिका, वनखाते किंवा पोलीस यांच्या गाड्यांमधले व्हीएचएफ सेट याच्या जवळपासच्याच वारंवारतांवर चालतात. आकडे बदलले तरी रीत तीच राहते. जुळणी करताना सेटमधून प्रक्षेपण करावे लागते, त्यामुळे संबंधित परवाना हाताशी असणे गरजेचे आहे. भारतात तो दळणवळण मंत्रालयाच्या अखत्यारीतली वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग देते.

अँटेनासाठी सर्वांत चांगली जागा टपाच्या मध्यावर. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण अर्धा मीटर भरते आणि दांडीच्या चारही बाजूंनी निदान तेवढा पत्रा असावा लागतो. लहान मोटारीच्या टपावरही तो सहज मिळतो. दांडी टपाच्या कोपऱ्यात किंवा डिकीच्या कडेला गेली की सगळ्या दिशांना सारखे काम होत नाही. जिकडे पत्रा जास्त, तिकडे जोर जास्त. डिकीच्या मागच्या कडेवर लावलेला अँटेना गाडीच्या पुढच्या दिशेला बरा आणि मागच्या दिशेला मंद ऐकतो. बंपरवर लावला तर दांडीचा खालचा भाग गाडीच्या अंगाआड जातो, आणि अँटेनाचा सर्वाधिक प्रवाह नेमका त्याच खालच्या भागात असतो.

टपाला भोक पाडून बसवलेले बूड, म्हणजे दांडी धरणारा तळ, सगळ्यांत विश्वासाचे, कारण जाळी थेट पत्र्याला भिडते. नव्या गाडीला भोक पाडायचे धाडस सगळ्यांना होत नाही, आणि वॉरंटीचाही प्रश्न असतो. अशा वेळी चुंबकी बूड हा चांगला पर्याय आहे. त्याचा पत्र्याशी धातूचा स्पर्श नसतो. मधल्या रंगाच्या थरातून ते धारित्राने जोडले जाते आणि व्हीएचएफवर एवढी जोडणी पुरते. मात्र चुंबक चिकटायला लोखंडी पत्रा हवा. ॲल्युमिनियमचे टप, फायबरचे टप आणि आजकालची मोठ्या काचेची सनरूफ यांवर तो कामाचा नाही. सनरूफ असलेल्या गाडीत काचेच्या मागे जी पत्र्याची पट्टी उरते, तिच्या मध्यावर बूड ठेवावे. ठेवण्याआधी पत्रा आणि चुंबकाची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसावी. अडकलेली वाळू रंगावर गोल चरे पाडते.

डिकीच्या किंवा बोनेटच्या कडेला आवळायचे क्लॅम्प मिळतात. त्यांच्या आतल्या बाजूला दोन बारीक ॲलन स्क्रू असतात. त्यांची टोके रंग फोडून पत्र्याला लागली पाहिजेत, नाहीतर क्लॅम्प घट्ट बसूनही अर्थिंग मिळत नाही. शिवाय डिकीचे झाकण गाडीच्या मुख्य सांगाड्याला फक्त बिजागरींनी जोडलेले असते आणि बिजागरीत ग्रीस, रंग आणि गंज असतो. झाकण आणि सांगाडा यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या पट्टीचा आखूड तुकडा दोन्हीकडे रंग खरवडून जोडला, की हा दोष जातो. खरवडलेल्या जागी नंतर ग्रीस किंवा रंग लावायला विसरू नये.

टपावर सामानाचा कॅरिअर, शिडी किंवा एलईडीची पट्टी असेल तर दांडी त्यांच्यापासून शक्य तितकी लांब, निदान अर्धा मीटर, ठेवावी. दांडी सरळ उभी असावी. उंचावरून संदेश पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या रिपीटरचे आणि इतर गाड्यांचे अँटेना उभे असतात. तिरकी दांडी त्यांच्याशी जुळत नाही आणि आडवी पडली तर सिग्नलचा फार मोठा भाग गळतो.

केबल टपावरून आत आणताना दाराच्या रबराखालून न्यावी. बिजागरीच्या फटीत ती चिमटली की आतली जाळी तुटते आणि वरून काहीच दिसत नाही. केबल आतून, खांबाच्या प्लॅस्टिकच्या आवरणामागून न्यायची असेल, तर तिथे पडद्याची एअरबॅग आहे का हे आधी पाहावे. एअरबॅगच्या पुढून केबल ओढणे धोक्याचे आहे. आरजी-५८ ही बारीक केबल गाडीसाठी सोयीची; पण १४५ मेगाहर्ट्झला पाच मीटर केबलमध्ये सुमारे एक डेसिबल, म्हणजे शक्तीचा जवळजवळ पाचवा हिस्सा, जिरतो. त्यामुळे गरजेपेक्षा लांब केबल ठेवू नये.

आता मल्टिमीटरने साध्या तपासण्या कराव्यात. केबलच्या मधल्या तारेपासून दांडीपर्यंत सलगता मिळाली पाहिजे. मधली तार आणि जाळी यांत साध्या पाव तरंगलांबीच्या अँटेनाला सलगता मिळता कामा नये. मिळाली तर कनेक्टरमध्ये जाळीचा एखादा केस मधल्या तारेला लागलेला असतो. मात्र बुडात कॉइल असलेल्या बऱ्याच अँटेनांत ती कॉइल दांडीला जाळीशी जोडते, तिथे मीटर शॉर्ट दाखवतो आणि तो दोष नव्हे. जाळी आणि गाडीचा सांगाडा यांत भोक पाडलेल्या किंवा क्लॅम्पच्या बुडाला जवळजवळ शून्य ओहम यावा. चुंबकी बुडाला सलगता मिळणार नाही आणि ते तसेच असायला हवे.

दांडीच्या लांबीचे गणित सोपे आहे. ७१२५ या संख्येला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले की पाव तरंगलांबीच्या दांडीची लांबी सेंटीमीटरमध्ये मिळते. १४५ मेगाहर्ट्झला ती ४९ सेंटीमीटरच्या जरा वर येते. १४४ला साडेएकोणपन्नास आणि १४६ला पावणेएकोणपन्नासच्या जवळ. म्हणजे पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा फरक सुमारे सात मिलिमीटरचा. एक मिलिमीटर कापला की अनुनाद साधारण ०.३ मेगाहर्ट्झने वर सरकतो. कानस हातात घेण्याआधी हा आकडा मनात पक्का असावा. हीच दांडी ४३५ मेगाहर्ट्झला तिप्पट वारंवारतेमुळे पाऊण तरंगलांबीची ठरते आणि तिथेही बऱ्यापैकी चालते.

पाव तरंगलांबी घ्यावी की पाच अष्टमांश, हा नेहमीचा प्रश्न. पाच अष्टमांशाची दांडी सव्वा मीटरच्या आसपास असते, बुडात जुळणीची कॉइल लागते, आणि ती आपली शक्ती क्षितिजाच्या जवळ अधिक सोडते. सपाट मुलखात, मराठवाड्यातल्या लांब सरळ रस्त्यांवर, तिचा उपयोग होतो. घाटात किंवा डोंगराच्या पायथ्याच्या शहरात रिपीटर डोक्यावर असतो आणि तिथे छोटी दांडी बरेचदा सरस ठरते. शिवाय लांब दांडी वेगात मागे वाकते आणि आवाजात लहर येते. रोजच्या वापराला पाव तरंगलांबीची दांडी पहिली निवड मानावी. ती स्वस्त आहे, झाडाच्या फांदीला अडकत नाही आणि तिच्यात बिघडण्यासारखे फार काही नसते.

मोजणीसाठी गाडी मोकळ्या जागी न्यावी. तळघरातले पार्किंग, पत्र्याची शेड, विजेचा खांब, शेजारची गाडी हे सगळे मोजणी बिघडवतात. दारे, डिकी आणि बोनेट बंद करावे. दांडीपासून माणसे दोन-तीन मीटर लांब उभी राहावीत आणि प्रक्षेपण चालू असताना दांडीला कोणी हात लावू नये. रेडिओ लहरींचा चटका कातडीच्या आत खोल बसतो. सेट सर्वांत कमी शक्तीवर, पाच वॅटच्या आसपास, ठेवावा. वारंवारता मोकळी आहे ना हे आधी ऐकावे, आपले संकेतचिन्ह सांगावे आणि मग काही सेकंदांपुरतेच बटण दाबावे.

एसडब्ल्यूआर मीटर सेट आणि अँटेनाची केबल यांच्यामध्ये येतो; एसडब्ल्यूआर म्हणजे उभ्या लहरींचे गुणोत्तर, आणि जुळणी पूर्ण असेल तर ते १ येते. सेट ते मीटर ही जोडकेबल आखूड आणि चांगली असावी. मीटर व्हीएचएफचा आहे ना, हेही पाहावे. २७ मेगाहर्ट्झसाठी बनवलेले स्वस्त मीटर १४५वर वाटेल ते आकडे दाखवतात. दोन स्थितींचे बटण असलेल्या मीटरमध्ये आधी पुढे जाणाऱ्या शक्तीवर काटा शेवटच्या खुणेपर्यंत आणायचा, मग बटण फिरवून परतणाऱ्या शक्तीचा आकडा वाचायचा. वारंवारता बदलली की ही खूण पुन्हा लावावी लागते.

आकडा तीन ठिकाणी घ्यावा: १४४, १४५ आणि १४६. एकाच जागचा आकडा काहीही सांगत नाही, तीन आकड्यांचा उतार सगळे सांगतो. समजा ५१ सेंटीमीटरची नवी दांडी आहे आणि आकडे अनुक्रमे १.६, १.७ आणि १.८ आले. खालच्या टोकाला आकडा कमी आणि वर चढत गेलेला, म्हणजे दांडी लांब आहे. तिचा अनुनाद पट्ट्याच्या खाली, १४० मेगाहर्ट्झजवळ पडलेला आहे. उलट उतार आला, म्हणजे वरच्या टोकाला आकडा कमी, तर दांडी आखूड आहे. बऱ्याच दांड्या बुडात ॲलन स्क्रूने धरलेल्या असतात आणि काही मिलिमीटर वर-खाली सरकतात. कापण्याआधी ही सोय पूर्ण वापरून पाहावी. मूळ जागी पेन्सिलची किंवा चिकटपट्टीची खूण करावी, स्क्रू ढिला करून दांडी आत ढकलावी, स्क्रू आवळावा, तिन्ही आकडे पुन्हा घ्यावेत.

कापायचीच वेळ आली तर एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि हव्या त्या लांबीच्या जवळ आल्यावर एकेक मिलिमीटर. दांडी स्प्रिंगच्या पोलादाची असते. साध्या पकडीने तोडायला गेले तर पकडीलाच खाच पडते आणि उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. कानशीच्या कोपऱ्याने भोवताली खाच करून दांडी तिथे मोडावी, चष्मा लावावा, आणि टोक कानशीने गोल करावे. टोकाची टोपी किंवा गोळी असेल तर ती प्रत्येक मोजणीच्या वेळी जागेवर हवी, कारण तिच्यानेही अनुनाद खाली सरकतो. दोन्ही टोकांचे आकडे सारखे आणि मधला सर्वांत कमी, एवढे साधले की कापणे थांबवावे.

तो मधला आकडा १.४च्या जवळ थांबला तर हळहळण्याचे कारण नाही. टपाच्या सपाट पत्र्यावरच्या पाव तरंगलांबीच्या दांडीचा रोध अनुनादाला सुमारे ३६ ओहम असतो, केबल ५० ओहमची असते आणि त्यांचे गुणोत्तरच तेवढे येते. एसडब्ल्यूआर १.५ असताना अवघी चार टक्के शक्ती परतते, २ असताना अकरा टक्के, ३ असताना पंचवीस टक्के. दीडच्या आतला कोणताही आकडा व्यवहारात उत्तम आहे. दोनच्या वर मात्र बरेच नवे सेट स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती आपोआप घटवू लागतात, तेव्हा तिथे दुरुस्ती हवीच.

स्वागताच्या, म्हणजे ऐकण्याच्या बाजूने पाहिले तर हा आकडा आणखी मागे पडतो. एसडब्ल्यूआर ३ वरून १ वर आणला तरी विसंगतीमुळे होणारा तोटा जेमतेम सव्वा डेसिबलने कमी होतो. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचे एक घर म्हणजे सहा डेसिबल. तेवढ्यासाठी दिवसभर कानस चालवणारा माणूस, तोच अँटेना बंपरवरून टपावर नेऊन कितीतरी अधिक मिळवू शकला असता. आणि केबल जितकी वाईट तितका सेटपाशी मोजलेला एसडब्ल्यूआर चांगला दिसतो, कारण परतणारी शक्ती केबलमध्येच जिरते. पाणी शिरलेल्या केबलवर १.१चा आकडा पाहून समाधान मानणारे कमी नाहीत. अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओहमचा नुसता रोध, म्हणजे डमी लोडही १.० दाखवतो, पण त्याच्यावर कोणीही ऐकू येत नाही.

जोडणीतला एक दोष ओळखायला सोपा आहे. मोजणी चालू असताना केबलवरून हात फिरवला किंवा तिची गुंडाळी हलवली आणि आकडा बदलला, तर जाळीच्या बाहेरच्या अंगाने प्रवाह वाहतो आहे. केबलच अँटेना बनली आहे. कारण बहुधा बुडाच्या अर्थिंगमध्ये असते. अर्थिंग सुधारावे आणि तरी दोष उरला तर बुडाजवळ केबलवर फेराइटचे दोन-तीन क्लिप बसवावेत. असा प्रवाह वाहत असताना दांडी कापण्यात काही अर्थ नाही, कारण मोजले जात असते ते दांडी आणि केबल यांचे मिश्रण.

नॅनो-व्हीएनए हे छोटे उपकरण असेल तर काम जलद होते, कारण संपूर्ण पट्ट्याचा आलेख एका नजरेत दिसतो आणि अनुनादाचा खळगा दांडी सरकवली की डोळ्यांदेखत सरकतो. त्याचे ओपन, शॉर्ट आणि लोड असे तिन्ही कॅलिब्रेशन प्रत्येक वेळी, निवडलेल्या वारंवारतांसाठी करावे. सेट त्याला कधीही जोडू नये. एकदा बटण दाबले गेले की उपकरण जळते.

७ मेगाहर्ट्झवर गाडीतून बोलणाऱ्यांसाठी हे सगळे बरेच कठीण होते. तिथे पाव तरंगलांबी दहा मीटरच्या वर जाते आणि टपावर अडीच मीटरपेक्षा मोठी दांडी नेणे अवघड. उरलेली लांबी कॉइलने भरून काढावी लागते. अशा आखूड दांडीचा उत्सर्जन रोध अगदी थोड्या ओहमचा असतो आणि अर्थिंगचा व कॉइलचा तोटा त्याच्या कितीतरी पट. म्हणून इथे एक उलटी गोष्ट घडते: जुळणीचे वेगळे घटक न लावता एसडब्ल्यूआर आपोआप १.१ आला, तर तो बहुधा तोट्यामुळे आलेला असतो. दारे, बोनेट, डिकी, सायलेन्सरची नळी यांना तांब्याच्या पट्ट्यांनी सांगाड्याशी बांधले की तोटा घटतो, रोध उतरतो आणि एसडब्ल्यूआर वाढतो. मग बुडाशी धारित्र किंवा छोटी कॉइल लावून तो पुन्हा खाली आणायचा. चुंबकी बूड या पट्ट्यात पुरे पडत नाही. जुळणीची रुंदी काही दहा किलोहर्ट्झचीच असल्याने ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सरकताना दांडी किंवा कॉइल पुन्हा जुळवावी लागते.

अँटेना जुळला तरी गाडी स्वतः आवाज करत असेल तर लांबचा सिग्नल त्यात बुडतो. एफएमवर हा गोंगाट सहसा कानाला वेगळा कळत नाही. फक्त दुबळी स्टेशने गायब होतात, म्हणून दोष अँटेनाच्या माथी जातो. एखादा दुबळा पण सतत चालू असलेला सिग्नल निवडावा, इंजिन बंद ठेवून तो ऐकावा, मग किल्ली फिरवावी, मग इंजिन चालू करावे, मग एकेक उपकरण सुरू करत जावे. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर आणि समोरच्या काचेवरचा डॅशकॅम हे नेहमीचे गुन्हेगार आहेत. चार्जर उपटला आणि आवाज उघडला, तर उत्तर मिळाले. उपकरण बदलावे, नाहीतर त्याच्या वायरवर फेराइट बसवावा आणि अँटेनाची केबल तिच्यापासून लांब न्यावी.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शीळ अल्टरनेटरची. ती बहुधा विजेच्या वायरीतून येते. सेटची वीज सॉकेटमधून न घेता जाड वायरीने थेट बॅटरीकडून घ्यावी, फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. पन्नास वॅटचा सेट बोलताना दहा अँपिअरपेक्षा जास्त ओढतो; सॉकेटची वायर त्यासाठी नसते. ज्या गाड्यांमध्ये बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर बसवलेला असतो, तिथे सेटची ऋण वायर त्या टोकाला न लावता सांगाड्यावरच्या अर्थिंगच्या बोल्टला लावावी.

सुधारणा झाली की नाही हे चालत्या गाडीत ठरवू नये. १४५ मेगाहर्ट्झवर डोंगर, इमारती आणि वाहने यांवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीशी कुठे मिळतात, कुठे एकमेकींना खोडतात, आणि अशा भरलेल्या व रित्या जागा मीटरभराच्या अंतराने येत राहतात. वाहतुकीच्या सिग्नलला उभ्या गाडीत अचानक खरखर येते ती यामुळेच. गाडी हातभर पुढे घेतली की आवाज परत येतो. जुना आणि नवा अँटेना ताडून पाहायचा तर गाडी एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभी करावी, पाच-सहा ठिकाणी तोच प्रयोग करावा आणि कसाबसा ऐकू येणारा रिपीटर निवडावा. जोरदार सिग्नलवर सगळेच अँटेना सारखे वाटतात. एफएमवर दुबळा सिग्नल ऐकण्याच्या उंबरठ्यावर असतो तेव्हा दोन-तीन डेसिबलचा फरक वाक्य कळणे आणि न कळणे एवढा मोठा असतो.

जुळणी झाली की तिन्ही आकडे, दांडीची लांबी आणि तारीख गाडीच्या वहीत लिहून ठेवावी. बाहेर उघड्यावर येणाऱ्या कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी आणि तिच्यावर साधी काळी पट्टी. केबल आत शिरण्याआधी तिला खाली झुकता वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते. कोकणात खारा वारा असल्याने पावसाळ्याआधी आणि नंतर कनेक्टर उघडून पाहावा. जाळी काळवंडलेली दिसली तर तो तुकडा कापून चमकदार तांबे लागेपर्यंत मागे यावे आणि कनेक्टर नव्याने सोल्डर करावा. काळी जाळी काही सेंटीमीटर आतपर्यंत गेली असेल तर केबलच बदलावी. त्यानंतर आकडे पुन्हा घेऊन वहीतल्या आकड्यांशी ताडावेत. उतार तोच राहून सगळे आकडे सारखे वाढले असतील तर कनेक्टर किंवा अर्थिंग पाहावे. उतारच बदलला असेल तर दांडी सरकली, वाकली किंवा टपावर शेजारी नवीन काहीतरी बसवले गेले आहे. आणि आकडे पूर्वीपेक्षा चांगले येऊनही ऐकू कमी येत असेल, तर केबलमध्ये पाणी शिरल्याचे धरून चालावे.